नागपूर ते ऑकलंड, सरळ रेषेत

४ जुलै २०२५, शुक्रवार

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या आहेत. रोज चालायचं आणि डोक्याला ताप करून घ्यायचा नाही. पहिली मी पाळतो. दुसरी पाळायची तर घरात माणसंच नकोत.

आज बोरगावच्या रस्त्यानं फिरून आलो तर बायको, जिजा, मोबाईल कानाला लावून मागच्या दारात बसली होती. मला पाहिलं आणि बोलणं थांबलं. मोबाईल माझ्या हातात देऊन आत निघून गेली. हे हल्ली रोजचंच झालंय. बायकांच्या गोष्टी असतात, आपण कशाला विचारायचं.

फोनवर दीपमाला होती. ऑकलंडहून. गोळ्या घेता का, छातीत दुखतं का, सगळं विचारलं आणि मग म्हणाली, "बाबा, इथून नागपूरले किती तास लागते?"

एसटीच्या वर्धा आगारात तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. खिडकीपाशी येऊन हा प्रश्न अख्ख्या जिल्ह्यानं मला विचारला असेल, घरातल्या कुणी कधी विचारला नव्हता. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. आई तिकडं यायची म्हणून विचारत असणार. पहिलंच बाळंतपण, सातवा लागला, धास्ती वाटायचीच. म्हटलं, काढून सांगतो.

मोबाईलवर एक साइट सापडली. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि वेळ दाखवते. नागपूर ते ऑकलंड अकरा हजार आठशे नव्वद किलोमीटर. वेळ साडेचौदा तास. म्हणजे वर्ध्याहून पुण्याला बस जेवढा वेळ घेते तेवढाच. जिजाला म्हटलं, पुण्याला गेल्यासारखी जाशील. ती भाजी निवडत राहिली.

५ जुलै

नागपूरहून ऑकलंडला जाणारं विमानच नाही. आज कळलं. साइटवाल्यांनी नकाशावर दोन टिंबांमध्ये दोरी ताणली आणि वेळ छापून मोकळे झाले. जी गाडी धावतच नाही तिचा वेळ कशाला सांगता? आमच्या आगारात असा बोर्ड कुणी लावला असता तर लोकांनी मला खिडकीतून बाहेर ओढलं असतं.

खरा मार्ग म्हणजे नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई, तिथून सिंगापूर, तिथून ऑकलंड. मध्ये तासन् तास बसणं. सगळं धरून दीड दिवस जातो.

९ जुलै

दीपाला आकडे सांगितले. तिनं विचारलं, "सातव्या महिन्याच्या बाईले घेतात का जी विमानात?" म्हटलं, तुला काय करायचं आहे, आई येते आहे ना. तर म्हणाली, "आन मीच तिकडं आली तर?"

जिजा माझ्याकडे बघत उभी होती. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, आपल्यात सगळेच करतात, हे तिनं नंतर मला ऐकवलं. मलाही ठाऊक आहे. पण ऑकलंड म्हणजे इथलं अल्लीपूर नव्हे, की चला, जीपमध्ये बसवून आणली. मी दीपाला नीट समजावलं. अकरा हजार किलोमीटर, दोन ठिकाणी विमान बदलणं, पोटात लेकरू, वाटेत काही झालं तर खाली समुद्र. शिवाय तिकडं दवाखाना चांगला. आणि नवऱ्याला, अनुपरावांना, एकटं टाकून तू इकडं आलीस तर लोक दहा गोष्टी बोलतील. तीही ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बराबर हाये बाबा. लई दूर आहे."

आकडे समोर ठेवले की माणसाला पटतं. जिजा मात्र रात्री जेवली नाही.

१९ जुलै

व्हिडिओवर दीपा बोलली. मागं नेहमीची खिडकी नाही दिसली, पिवळी भिंत होती आणि भिंतीला टेकून दोन बॅगा. घर बदललं का म्हणून विचारलं. हो म्हणाली. मोठं घेतलं असेल, लेकरू येणार म्हणून. आतून पंजाबी बोलणाऱ्या मुलींचा आवाज येत होता, पाहुण्या असाव्यात. अनुपराव पुन्हा कामावर. इलेक्ट्रिशियनच्या कामाला तिकडं उसंत नसते म्हणे. एप्रिलपासून मी त्यांच्याशी बोललेलो नाही. मे महिन्यात अँजिओप्लास्टी करून माझ्या छातीत तार टाकली तेव्हाही त्यांचा फोन आला नाही. हे मला लागलं आहे, पण जिजाला सांगणार नाही, ती उगीच दीपाला बोलेल.

त्यात आज स्टँडवर कारंज्याचे व्याही दिसले. जय भीम केला. त्यांनी केला न केला आणि नागपूरच्या गाडीत चढून बसले. मी खिडकीपाशी जाऊन म्हटलं, आजोबा होऊन राह्यले तुमी, मिठाई कधी? ते म्हणाले, "पोरांचं पोरं पाहून घेतील थूलसाहेब." एवढंच. साक्षगंधात, साखरपुड्याच्या मानपानात, त्यांच्या बहिणीला साडी हलकी गेली होती, ते अजून मनात धरून आहेत.

२ ऑगस्ट

मार्ग ठरला. माझा मीच काढला.

स्टँडजवळच्या सचिनचं म्हणणं सिंगापूरवरून एकच तिकीट घ्या. हा सचिन बोधगयेच्या सहली नेतो, रेल्वेची तिकिटं काढतो, परदेशाचं त्याला फारसं येत नाही आणि तो ते कबूलही करतो. पण त्याच्या मार्गात सिंगापूरला नऊ तास बसणं होतं. जिजानं नऊ तास कुठं बसायचं? मी नकाशा काढला. दिल्लीहून सिडनी थेट विमान आहे. सिडनीहून ऑकलंड म्हणजे वर्ध्याहून नागपूर समजा, दिवसभर विमानं. दोन कंपन्यांची दोन तिकिटं घेतली की झालं. मधला वेळ अडीच तास. एवढ्यात बाई चहा पिऊन सामान उचलून दुसऱ्या गाडीत बसते.

सचिन म्हणाला, "काका, वेगवेगळ्या तिकिटाचं मले समजत नाई. एकच घ्या." मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी मार्ग आखतो. मग त्यानं काढून दिली. २४ ऑगस्ट.

मलाही जायचं होतं. डॉक्टर हो म्हणत नाहीत.

१० ऑगस्ट

जिजाची तालीम चालू आहे. नागपूरला एकटी जायची म्हटलं की जिचे हातपाय गळायचे ती बाई आता बोर्डिंग पास, सिक्युरिटी, गेट असे शब्द पाठ करते. दोन खुर्च्या लावून मी पट्टा बांधायला शिकवला. एकदाही घाबरली नाही. शिकवणारा चांगला असला की वय आड येत नाही.

सामान मात्र भलतंच घेते आहे. दोन महिन्यांसाठी चाललेली बाई सगळ्या साड्या भरते का? अंगणवाडीतून निवृत्त झाली तेव्हा मिळालेलं घड्याळसुद्धा घेतलं. विचारलं तर म्हणाली, "लागते कधी."

१६ ऑगस्ट

दीपाच्या मनाचा आज ठावच लागला नाही. मी आपला सिडनीचा मार्ग समजावतो आहे आणि ती मध्येच म्हणते, "बाबा, आता मले कोनतंच विमान घेत नाई. डॉक्टरीनबाईनं सांगतलं. दिवस लई पुढं गेले म्हने." म्हटलं, घ्यायचं कशाला, आई निघालीच आहे. त्यावर रडायला लागली. हमसून हमसून. मी फोन जिजाकडे दिला आणि अंगणात आलो.

या दिवसांत बायका रडतात असं ऐकून आहे. पण जिवाला चैन नाही. असं ती शाळेत नापास झाली तेव्हाही रडली नव्हती. लहान असती तर आगारातून येताना सोनपापडी आणली असती. आता काय आणू आणि कसं पोचवू.

२४ ऑगस्ट, रविवार

लिहितो आहे कारण दुसरं काही करता येत नाही.

पहाटे नागपूरला जिजाला सोडलं. काचेपलीकडे गेली आणि वळून पाहिलंसुद्धा नाही, ताठ मानेनं गेली. मला अभिमान वाटला. घरी येऊन अंघोळ केली, बुद्धवंदना केली, आणि दिल्लीहून फोन आला.

म्हणाली, "हे विमानात बसू देऊन नाई राह्यले."

मी म्हटलं, घाबरू नको, तिकीट दाखव, दोन्ही दाखव. तिनं दोन्ही दाखवली होती. म्हटलं, काउंटरवरच्या मुलीकडं फोन दे. ती मुलगी हिंदीत बोलली, चांगली बोलली, तोंड वाकडं केलं नाही. तिचं म्हणणं असं की आमच्या विमानाचा प्रवास सिडनीला संपतो. पुढचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं, आमचा त्याच्याशी संबंध नाही. सिडनीला सामान घ्यायला बाहेर पडावं लागेल आणि बाहेर पडायचं तर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा लागेल. तुमच्याकडे न्यूझीलंडचा आहे, तो तिथं चालत नाही. मी सांगितलं, मी एसटीत नियंत्रक होतो, मी स्वतः कनेक्शन काढलं आहे, मध्ये अडीच तास आहेत, ती बाहेर कुठंही जाणार नाही. ती मुलगी म्हणाली, "अंकल, यह बस नहीं है." आणि फोन परत जिजाकडे दिला.

ऑस्ट्रेलिया नावाचा एक देश मध्ये आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. मला सिडनी म्हणजे एक स्टँड दिसला. तीस वर्षं मी जे केलं तेच केलं. गाडी बदलायची जागा पाहिली, ती जागा कुणाच्या मालकीची आहे हे पाहिलं नाही.

तरी मी सारवासारव केली. म्हटलं, एवढं काय बिघडलं, चार दिवसांनी जाशील, बाळंतपणाला महिन्याच्या वर वेळ आहे अजून. दीपाजवळ जावई आहेत ना.

मागं विमानतळाची घोषणा चालू होती. ती संपल्यावर जिजा म्हणाली, "जावई नाईत जी."

"म्हंजे?"

"चार महिने झाले. त्याले लेकरू नको व्हतं. तिनं आयकलं नाई तं सोडून गेला, दुसऱ्या गावी राह्यते म्हनतात. फोन उचलत नाई. एका खोलीत राह्यते आपली पोरगी, चार पंजाबी पोरींसंग. म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाले जाते, पोट घेऊन. तिथं कोनी नाई तिच्याजोळ."

मी म्हटलं, मला काऊन नाही सांगितलं?

"सांगणार व्हती. तं तुमच्या छातीत तार टाकली." आणि मग म्हणाली, "आन तिनं विचारलं होतं ना तुमाले. मी येऊ का म्हनून. तुमी तिले किलोमीटर सांगतले."

यापुढं काय बोललो आठवत नाही. फोन ठेवला तेव्हा मी अंगणात उभा होतो आणि पायात चप्पल नव्हती.

सचिनचं दुकान रविवारचं बंद. घरी गेलो. जेवत होता, हात धुऊन तसाच उठला. 'मी सांगितलं होतं ना काका' असं एका शब्दानं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. सिंगापूरवरून एकाच तिकिटावर २६ तारखेच्या रात्रीचं विमान मिळालं. त्याआधी जागा नाही. मी म्हटलं, उभ्यानं जाईल ती. बोलून गेल्यावर काय बोललो ते कळलं. सचिननं खाली पाहिलं.

दोन दिवस जिजा दिल्लीत कुठं राहणार ते मला माहीत नाही. इथं मी माझ्या घरात, माझ्या पलंगावर बसलो आहे.

२५ ऑगस्ट

जिजा सुखरूप आहे. विमानतळावर फरशी पुसणारी एक बाई, राजवती नाव, तिनं जिजाला रडताना पाहिलं. जिजाच्या साडीला बाबासाहेबांचा बिल्ला होता. ती बाई जवळ येऊन जय भीम म्हणाली आणि ड्युटी संपल्यावर घरी घेऊन गेली. नवरा, सासू, एवढीशी खोली. जिजाला पलंग दिला. माझे व्याही मला धड नमस्कार करत नाहीत आणि दिल्लीतली अनोळखी बाई पलंग देते.

व्याह्यांना फोन केला. खूप बोलायचं ठरवलं होतं. ते म्हणाले, "थूलसाहेब, आमाले तोंड दाखवाले जागा नाई. पोरगं आमचाबी फोन उचलत नाई." त्यांची बायको मागं रडत होती. शिवी द्यायची राहूनच गेली.

मग दीपाला लावला. दहा वेळा नंबर काढला आणि बंद केला, अकराव्यांदा लावला. म्हटलं, दीपा, आईनं मले सांगतलं सगळं.

तिनं विचारलं, "तुमच्या छातीत दुखून नाई ना राह्यलं?"

हे तिनं विचारलं. पहिल्यांदा हे विचारलं.

म्हटलं, नाई. दुखत होतं, पण ते तारेचं नव्हतं. म्हटलं, तू घरी ये माय. लोकांचं मी पाहून घेतो. लोक गेले खड्ड्यात. तू निघून ये.

"आता नाई घेत बाबा विमानात," ती म्हणाली. "तेव्हा घेत होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. खिडकीवर कुणी विचारलेल्या गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. आणि मला म्हणाली, जेवून घ्या, गोळी उपाशीपोटी घेऊ नका.

रोज सोबत चालणारे प्रभाकरराव फिरायला बोलवायला आले होते. बरं नाही सांगून परत पाठवलं. साइट उघडून तीच दोन नावं पुन्हा टाकली. तेच अंतर, तोच वेळ. जुलैमध्ये ती निघाली असती तर आज मागच्या खोलीत झोपलेली असती. दीड दिवसच लागतो. मी तिला दीड दिवस सांगताना असा सांगितला, जणू काही त्यातून कुणी पार होतच नाही. रोज हजारो माणसं जातात येतात. त्यांत पोटुशा बायका असतील, म्हातारी माणसं असतील. मी माझ्या पोरीला घाबरवून तिथं बसवून ठेवलं आणि वरून म्हटलं, आकडे समोर ठेवले की पटतं.

२६ ऑगस्ट

जिजा आज रात्री निघते. राजवती स्वतः विमानतळाच्या दारापर्यंत सोडायला गेली. मी तिच्याशी फोनवर बोललो, आभार मानायचे होते, हिंदी सुचलं नाही. तीच म्हणाली, "भाईसाहब, बेटी की फिकर मत करो, माँ निकल गई है."

दुपारी दीपा म्हणाली पाठीत दुखतं आहे सकाळपासून. कामावर उभं राहून दुखत असेल, उद्या जाऊ नको म्हटलं. माझ्या म्हणण्याला आता काय किंमत आहे, पण म्हटलं.

सचिननं मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यात विमान कुठं आहे ते नकाशावर दिसतं, पिवळं, माशीएवढं. जिजा त्यात बसलेली असेल.

२७ ऑगस्ट, बुधवार

जमेल तसं लिहितो. फोन अजून चालू आहे, स्पीकरवर, उशीशेजारी ठेवला आहे.

सिंगापूरला जिजानं विमान बदललं. सकाळी उठलो तेव्हा ते उडालेलं दिसलं आणि मला थोडा धीर आला. चहा ठेवला. तेवढ्यात दीपाचा फोन. आवाज ओळखू आला नाही. अंगावरून पाणी गेलं म्हणाली. दवाखान्यात आणलं आहे, सोबतची पंजाबी मुलगी आहे. तिकडं दुपार झाली होती.

"बाबा, आई कुठं आली?"

मी ॲप पाहिलं. विमान कुठल्या तरी बेटांच्या वर होतं. जेमतेम निघालं होतं. पुढं अख्खा ऑस्ट्रेलिया, त्यापुढं समुद्र. मी म्हटलं, "अर्धं झालं माय. लई जोरात येऊन राह्यलं विमान."

आयुष्यात मी प्रवाशाला चुकीची वेळ सांगितली नाही. गाडी फेल, म्हणजे रद्द, असली तर फेल म्हणून सांगितलं, शिव्या खाल्ल्या, पण येते, येते म्हणून लोकांना ताटकळत ठेवलं नाही. आणि आज स्वतःच्या पोरीशी खोटं बोललो. दुसरं काय देणार होतो मी तिला इथून? हात देता येत नाही, पाणी देता येत नाही. आईला जवळ आणता येत होतं, तेवढं आणलं.

कळ आली की ती बोलायची थांबे. तिचा श्वास ऐकू येई, नर्सचं इंग्रजी ऐकू येई. मी इकडं पलंगाची कड धरून बसलेला. कळ गेली की तोच प्रश्न. आई कुठं आली? मी विमान पुढं ढकलत होतो. ऑस्ट्रेलिया लागला. ऑस्ट्रेलिया संपत आला. समुद्र लागला. ॲपमध्ये विमान पाहायचो तर ते वाळवंटाच्या काठावर मुंगीसारखं. मला त्या पायलटचा राग येत होता. देवधर्म मी मानत नाही, पण त्या पिवळ्या टिंबाला हात जोडले, हे इथं लिहून ठेवतो.

पोरगी ओरडली एकदा. "आई" म्हणूनच ओरडली. नर्स काहीतरी बोलली, बाळाचे ठोके असं काहीतरी, मला अर्धंच कळलं. पळापळीचा आवाज आला. मी ओरडून विचारत होतो, काय झालं, काय झालं, आणि कुणी उत्तर देईना. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग पंजाबी मुलीचा आवाज आला, "अंकल, ठीक है, ठीक है, सुन रही है वो आपको, बोलते रहो."

मी म्हटलं, दीपा, आई आली. ऑकलंड दिसून राह्यलं खाली. उतरतच आहे विमान.

तिकडं दोघी हळू आवाजात काही बोलल्या. त्या पंजाबी मुलीच्या मोबाईलवर काहीतरी वाजलं, तिच्या बोलण्यातला 'फ्लाइट' एवढाच शब्द मला कळला. मग दीपा बोलली. एकेक शब्द सुटा, मध्ये श्वास घेत.

"बाबा, इतक्या लौकर नका आणू आईले. ते आली, तं मग मी वाट कोनाची पाहू? सावकाश आणा."

मला वाटलं कळेच्या भरात काही बोलते आहे. वादविवादाची वेळ नव्हती. म्हटलं, बरं माय. आणि मी विमान मागं नेलं. जिथं होतं तिथं नेऊन ठेवलं. म्हटलं, अजून वाळवंटावरच आहे. खाली सगळं लाल दिसत असन. गाव नाई, झाड नाई. आई खिडकीतून पाहून राह्यली असन आन म्हनत असन, एवढी जमीन, आन कोनी पेरलं नाई.

ती हसली बहुतेक. "हो," म्हणाली. "आता बराबर हाये."

मग मी आहे तसंच सांगत गेलो. ॲपमध्ये दिसेल तेवढंच. विमान सरकलं की सांगायचं सरकलं, नाही सरकलं की सांगायचं थांब जरा. नर्स तिला जोर लाव म्हणत होती आणि मी इकडून वाळवंट संपायला आलं सांगत होतो. घसा कोरडा पडला. पाणी प्यायला उठावंसं वाटेना, तेवढ्यात तिनं विचारलं तर.

आणि मग बाळ रडलं.

मी फोन दोन्ही हातांनी धरला. मुलगी आहे, पंजाबी मुलगी ओरडून सांगत होती, छोटी आहे पण ठीक आहे, दोघी ठीक आहेत. मी काय बोललो ते मला लिहिता येत नाही, बोललोच नाही, नुसता रडत होतो. बाळ तिकडं, मी इकडं. शेजारची काजल धावत आली, काय झालं म्हणून, तिला हातानंच सांगितलं की चांगलं झालं.

आता तिकडं शांत आहे. बाळाला पुसून दीपाच्या अंगावर ठेवलं आहे. मी चष्मा पुसला आणि ॲप पाहिलं. ऑस्ट्रेलिया आता कुठं मागं पडला. जिजा वर बसलेली आहे आणि तिला काही म्हणजे काही माहीत नाही.

"बाबा," दीपा म्हणाली. "हाये का तुमी?"

हाओ म्हटलं.

"आई कुठं आली?"

मी म्हटलं, "समुद्रावर हाये माय. अजून दोन तास तरी लागते. खरं सांगून राह्यलो."

"लागू द्या," ती म्हणाली. "आता वाट पाहाले आमी दोघी हाओ."